बेंगळूरचा तांडेल

तांडेलला वेळ विचारली की तो हातातल्या घड्याळाकडं बघत नसे. बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवून तिथी मोजायचा, ओठांतल्या ओठांत काहीतरी हिशेब करायचा आणि म्हणायचा, "आता मालवणात पाणी चढायला लागलं असेल."

आमची गल्ली चामराजपेटेतली. तिथून कुठल्याही दिशेनं निघालं तरी समुद्राला पोचायला रात्रभर गाडी चालवावी लागते. पण हा माणूस रोज सकाळी चहाच्या टपरीवर उभा राहून सगळ्यांना भरती-ओहोटी सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना. टपरीवाल्या मंजुनाथला त्याची सवय झाली होती. ग्लास पुढं करताना तोच विचारायचा, "अण्णा, इवत्तु नीरु एल्लिदे?" म्हणजे आज पाणी कुठवर आलंय? पोरं हसायची. तांडेल हसत नसे. एवढं महत्त्वाचं विचारल्यावर माणूस हसतो कसा, असा चेहरा करून तो उत्तर द्यायचा.

मी लॉरीच्या सीटा शिवणारा माणूस. शाळेशी माझं फार दिवस पटलं नाही. आमचं घराणं पणजोबांपासून बेंगळूरात, त्यामुळं माझ्या मराठीत कानडी आहे आणि ती काढून टाकायला मी तयार नाही. हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. पण गल्लीत अजून बोलतात, की तांडेलनं म्हाताऱ्या कुत्र्याला नेऊन समुद्रात बुडवून मारलं. ते खोटं आहे. मी तिथं होतो, बोलणारे नव्हते. म्हणून लिहितोय.

गोविंद तांडेल मूळचा मालवणकडचा. बापाची होडी होती. बाप गेल्यावर भावाभावांत फाटलं, होडी विकली गेली, घर मोठ्यानं बळकावलं. हा तरणाताठा बेंगळूरला आला आणि एका सरकारी कारखान्यात क्रेनवर चढला. रिटायर होईपर्यंत तिथंच. वरून खाली बघायचं काम. "डोलकाठीवर चढल्यासारखंच होतं," म्हणायचा, "फक्त खाली सगळं लोखंड." बायको इथंच वारली. एक मुलगी, शैला, लग्न होऊन मुंबईला. तांडेल गौरम्माच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचा. गौरम्मा म्हणजे आमच्या गल्लीची अक्का. कडक, शाकाहारी, तोंडानं फटकळ आणि मनानं बरी.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं इथं काढली, पण त्यानं बेंगळूरातला मासा खाल्ला नाही. मार्केटला माझ्याबरोबर यायचा, मासळीच्या फळ्यांपाशी थांबायचा, एकेकाचे कल्ले उघडून बघायचा आणि हात पुसून पुढं निघायचा. एकदा मी म्हणालो, "अरे, घ्यायचा नाही तर बघतोस कशाला?"

"ओळखीचा कुणी आलाय का, बघतो," तो म्हणाला. मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "मेल्यावर बर्फात घालून इथवर आणलेत बिचारे. माझ्यासारखेच."

तो असं बोलायचा तेव्हा दया यावी म्हणून बोलत नसे. 'आज बुधवार' म्हणावं तसं बोलायचा.

तळ्यांचा त्याला राग. कारखान्याच्या लोकांची एकदा सहल निघाली, तळ्यावर नावेत बसायची. मलाही घेऊन गेला होता. सगळे बसले, हा काठावर उभा. साहेबांनी हाक मारली, "या तांडेल, तुम्ही तर नावेतली माणसं!" हा म्हणाला, "साहेब, ज्या पाण्याला ओहोटी नाही त्यात मी बसत नाही. अशा पाण्यात घाण टाकली तर जाणार कुठं?" साहेबांना वाटलं आपल्यालाच काहीतरी टोमणा मारलाय. त्यांचं तोंड उतरलं ते जेवणापर्यंत उतरलेलंच.

ओहोटीवर त्याचा फार विश्वास. सगळे भरतीचं कौतुक करतात, तो ओहोटीचं करायचा. त्याच्या घरची एक रीत होती. माणूस असो, बैल असो, अंगावर काही उठलं, खरूज झाली, जखम चिघळली, की त्याला उपाशी ठेवायचं, तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, आणि पूर्ण भरती होऊन पाणी परतायला लागलं की समुद्रात तीन बुड्या द्यायच्या. दर्याला नारळ द्यायचा. रोग ओहोटीबरोबर जातो. "आणि जातो कुठं?" मी विचारायचो. "ते दर्या बघतो. तू सीटा शिव, मिस्त्री," तो म्हणायचा.

आता बांगड्याचं सांगतो.

कुत्रं गल्लीतलंच. पिल्लू असताना पावसात गौरम्माच्या पायरीखाली कुईकुई करत पडलं होतं. पाठीवर काळपट-निळसर पट्टे आणि पोट चांदीसारखं पांढरं. तांडेलनं उचलून उजेडात धरलं आणि म्हणाला, "हा तर बांगडा!" तेच नाव पडलं. गौरम्माला बरेच दिवस कळलं नाही. तीही मोठ्यानं हाक मारायची. मग कुणीतरी मंगळूरकडच्या बाईनं तिला सांगितलं, की अक्का, तुम्ही रोज दारात उभं राहून माशाला बोलावताय. त्या दिवशी तिनं तोंड धुतलं, देवासमोर दिवा लावला आणि कुत्र्याचं नाव बदलून बंगारू ठेवलं, म्हणजे सोन्या. कुत्रं दोन्ही नावांना यायचं. तांडेलला मात्र ते पटलं नाही. "सोनं काय पोहतं?" म्हणायचा.

माणसांशी तांडेल मराठीत नाहीतर मोडक्या कानडीत बोलायचा. मालवणी फक्त बांगड्याशी. बायको गेल्यावर त्या भाषेला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. संध्याकाळी पायरीवर बसायचा, कुत्र्याचं डोकं मांडीवर, आणि बोलत राहायचा. कुठल्या वाऱ्याला कुठलं जाळं लावायचं, जमिनीवरून सुटणारी मतलई म्हणजे काय, पाण्याखालचा खडक लाटेवरून कसा ओळखायचा. "आयकतंस मां रे?" मध्येच विचारायचा. बांगड्या कान हलवायचा. दहा-बारा वर्षं हे चाललं. समुद्राबद्दल त्या कुत्र्याइतकं ऐकलेलं बेंगळूरात दुसरं कुणी नसेल.

शैला गौरम्माच्या फोनवर फोन करायची. दर वेळी एकच. "बाबा, आता इकडे या." आणि दर वेळी ह्याचं एकच. "बांगड्याचं काय?" तिच्या बिल्डिंगीत कुत्रं चालत नव्हतं. "तो आहे तोवर मी इथं," असं म्हणून तो फोन ठेवायचा. गौरम्मा कानडीत पुटपुटायची, की पोटच्या पोरीपेक्षा कुत्रं मोठं झालं. मी त्याला काही बोललो नाही. माणसानं कुणापाशी राहायचं हे बाकीच्यांनी ठरवू नये, असं माझं मत आहे आणि ते मी बदललेलं नाही.

मग बांगड्याला खरूज लागली.

आधी कानामागं, मग पाठीवर. ते चांदीचं पोट लाल झालं. केस गेले, कातडी फुटली, वास यायला लागला. तांडेलनं त्याला ऑटोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. ऑटोवाले थांबायचे, बघायचे, निघून जायचे. डॉक्टरांनी सुई दिली, मलम दिलं आणि चांगलं समजावून सांगितलं, की म्हातारं जनावर आहे, बरं वाटेल, पुन्हा येईल, आता असंच. तांडेलनं मलम लावलं. बरं वाटलं, पुन्हा आलं.

समोरच्या घरात राव राहायचे, बँकेतले. त्यांच्या नातीच्या हातावर पुरळ उठलं. ते कुत्र्याचं होतं का उन्हाचं, देवाला ठाऊक. पण राव संध्याकाळी दारात आले. माणूस वाईट नव्हता. दोन्ही हात जोडूनच बोलले.

"तांडेल, मी कॉर्पोरेशनला कळवणार आहे. पुढच्या आठवड्यात त्यांची गाडी येईल. आधी तुम्हाला सांगतोय."

त्या काळी ती गाडी आली म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. तारेचा फास घेऊन माणसं उतरायची. त्या गाडीतून परत आलेलं कुत्रं आमच्या गल्लीनं पाहिलेलं नाही.

"हा भटका नाही," तांडेल म्हणाला.

"पट्टा कुठं आहे?"

"कातडीच राहिली नाही, पट्टा कशावर बांधू?"

राव खाली बघत म्हणाले, "माझी नात आहे हो."

तांडेलनं गौरम्माकडं बघितलं. ती पदरानं डोळे पुसत होती, पण म्हणाली, "अण्णा, रावांचं बरोबर आहे. घरात पोरंबाळं येतात. काहीतरी कर." आपल्या बाजूनं कुणी नाही हे त्याला त्या क्षणी कळलं. तो घरात गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला. हातात एक प्लास्टिकचा कॅन. कारखान्यातला कुणी जुना सोबती मंगळूरला गेला होता, त्याला सांगून ह्यानं आधीच समुद्राचं पाणी मागवून ठेवलं होतं. झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलं. मला काही विशेष वाटलं नाही, घाणच वाटली. त्यानं मात्र वास घेतला आणि बराच वेळ झाकण लावलंच नाही.

"ह्यात फडकं भिजवून पुढच्या पायाला लावत होतो," तो म्हणाला. "तेवढी जागा सुकली. चल, दाखवतो."

मी गेलो. खरंच सुकली होती. हाताच्या पंज्याएवढी जागा, कोरडी, खपली धरलेली.

"कॅननं काय होणार? त्याला दर्यावर नेतो. तुझ्या ओळखीचा लॉरीवाला बघ. बस घेत नाही, रेल्वे मागच्या डब्यात पेटीत टाका म्हणते. पेटीत मरेल तो."

मी लॉरीवाला बघतो म्हणालो आणि वर म्हणालो, मीही येतो. सोबत म्हणून आलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी समुद्र पाहिलेला नव्हता. साठी उलटलेला माणूस, आणि नुसतं पाणी तर असतं, असं सगळ्यांना सांगत फिरायचो. मला एकदा बघायचं होतं.

शिवण्णा मंगळूरच्या फेऱ्या करायचा. त्याच्या सीटा मीच शिवलेल्या. कुत्रं बघून तो मागं सरला. "नायी बेडा, मिस्त्री. हे असलं कुत्रं केबिनमध्ये नको."

मी म्हणालो, "तू ज्या सीटवर बसतोस ती माझी. ती खराब झाली तर मी परत शिवीन. झालं?"

"सरी, सरी," करत त्यानं गोणपाट अंथरलं.

वाटेत आम्ही दोघं भांडलो. त्याचं म्हणणं, समुद्र बघून मी रडेन. माझं म्हणणं, मी बापाच्या मयताला रडलो नाही. बांगड्या आमच्या पायांत झोपला होता. घाट उतरल्यावर, पहाटे, शिवण्णानं चहाला गाडी थांबवली. तिथं तांडेलनं कुत्र्याला नळाचं पाणी पाजलं, पोटभर. "हे शेवटचं," म्हणाला. "आता बुड्या झाल्यावर." आम्हालाही हवेतला फरक कळत होता. कपडे अंगाला चिकटत होते. तांडेल मात्र खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला होता, कुत्र्यानं बसावं तसा.

शिवण्णानं आम्हाला गावाबाहेरच्या किनाऱ्याजवळ सोडलं. संध्याकाळी माल भरून परत येतो म्हणाला.

समुद्र मी बघितला. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. रडलो नाही एवढं सांगतो.

तांडेलनं चपला काढून हातात घेतल्या. वाळूवरून चालताना त्याची चाल बदलली. बेंगळूरात तो वाकून चालायचा. पाण्यापाशी जाऊन ओंजळभर घेतलं, डोळ्यांना लावलं. मग बांगड्याकडं वळून म्हणाला, "बघ रे. ह्यां आपलां." बांगड्यानं कान मागं टाकले आणि त्याच्या पायांत शिरला. आवाजाला भ्याला.

त्या दिवशी चतुर्थी होती. तांडेलनं पेरं मोजली. "भरती दुपार कलल्यावर पुरी होईल. उधाण नाही, पण भागेल. तोवर थांबायचं."

थांबलो. दोन होड्या वाळूत ओढून ठेवल्या होत्या, त्यांच्या सावलीत. सावली हळूहळू आखडत होडीखाली गेली. ऊन असं की वाळूवर हात टेकवत नव्हता. बांगड्याची जीभ लोंबायला लागली. अंगावरची फुटलेली कातडी, त्यावर माशा. माझ्याजवळ पाण्याची बाटली होती. कुत्रं बाटलीकडं बघायचं, मग माझ्याकडं.

"अण्णा, स्वल्प पाणी दे त्याला."

"नाही."

"घोटभर रे. जीभ बघ त्याची."

"मिस्त्री, आता तोंड ओलं केलं तर सगळं फुकट. परत यायला मिळणार आहे का? पुढच्या आठवड्यात ती गाडी दारात आहे." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मला काय दिसत नाही का?"

समुद्र त्याचा, रीत त्याची, कुत्रं त्याचं. मी बाटली पिशवीत ठेवली.

तो सगळा वेळ कुत्र्याशी बोलत होता. ती होडी कशी बांधलीय, ते जाळं कसलं, लांब दिसतो तो कुठला पक्षी. जे नुसतं सांगितलं होतं ते आता बोट करून दाखवत होता. इतका आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता. परत गेल्यावर रावांच्या दारात बांगड्याला उभा करणार होता, "बघा, आहे का कुठं डाग?" विचारणार होता. मग शैलाकडं आठ दिवस जाऊन यायचं, तोवर बंगारूला सांभाळ म्हणून गौरम्माला सांगायचं. एवढं सगळं ठरवून झालं होतं.

दुपार कलली. पाणी एका जागी थांबल्यासारखं झालं. तांडेल उठला, नारळ होडीच्या कडेवर आपटून फोडला, अर्धा पाण्यात सोडला, अर्धा माझ्याकडं दिला. बांगड्याला उचलला. कुत्रं कळवळलं, पण चावलं नाही. गुडघाभर पाण्यात जाऊन त्यानं पहिली बुडी दिली. खारं पाणी फुटलेल्या अंगाला लागलं तसं ते असं ओरडलं की मी तोंड फिरवलं. दुसरी. तिसरी. मग त्यानं त्याला कडेच्या उथळ पाण्यात उभं केलं.

आता थंड वाटलं असेल. कुत्रं शांत झालं. खाली मान घालून पाण्याला तोंड लावलं. लाट आली, तोंड लावलं. परत आली, परत लावलं.

तांडेल हसायला लागला. मोठ्यानं, कमरेवर हात ठेवून. "मिस्त्री, बघ! लाटेला चावतोय! आमच्याकडची कुत्री अशीच खेळतात. चावतंस काय रे लाटेक? चाव, चाव!"

मीही हसलो. मला काय माहीत कुत्री समुद्रावर कशी खेळतात. त्याला खेळू दिलं, बराच वेळ. तांडेल त्याच्याभोवती पाणी उडवत होता. सत्तरीला आलेला माणूस.

वाळूवर आल्यावर बांगड्या मटकन बसला. खोबऱ्याचा तुकडा दिला, तो हुंगलाही नाही. मग ओकला. नुसतं पाणी. परत ओकला. उठायला गेला तर मागचे पाय गेले. अंग थरथरायला लागलं, थंडीनं थरथरतं तसं, पण थांबेना.

जाळी उचलायला एक कोळीण आली होती. ती टोपली खाली ठेवून जवळ आली. कोकणी बोलत होती, तांडेलला कळत होतं, मलाही थोडं.

"पाणी प्यायला काय हा?"

"नाही, खेळत होता," तांडेल म्हणाला.

तिनं कुत्र्याचं तोंड उघडून बघितलं. "प्यायलाय. पोट बघा कसं झालंय. तहानलेला होता?"

तांडेलनं माझ्या पिशवीतल्या बाटलीकडं बघितलं.

"कुठनं आणला?"

"बेंगळूर," मी सांगितलं.

"मग त्याला काय माहीत, हे प्यायचं नसतं म्हणून?" ती म्हणाली. रागानं नाही. सहज म्हणाली. "आमची कुत्री इथंच वाढतात, त्यांना कळतं. ह्याला कोण सांगणार?"

तिनं धावत जाऊन गोडं पाणी आणलं. माझी बाटली होतीच. तांडेलनं मांडीवर घेऊन ओंजळीनं तोंडात घातलं. बाहेरच आलं. मग झटके यायला लागले. तांडेल मालवणीत काहीतरी बोलत होता, भराभरा, मला समजलं नाही आणि मी समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. सूर्य पाण्याला टेकायच्या आधी बांगड्या गेला.

पाणी तोवर बरंच मागं गेलं होतं. ओली वाळू चमकत होती.

कोळीण म्हणाली, पाण्यात सोडा, इथं तसंच करतात. तांडेलनं मान हलवली. कुत्र्याला खांद्यावर घेऊन तो किनाऱ्यापासून आत, सुरूच्या झाडांपलीकडं गेला, जिथं लाटांचा आवाजसुद्धा कमी येत होता, आणि हातांनी खड्डा करायला लागला. मी मदतीला बसलो तर माझे हात बाजूला सारले. वर दगड ठेवले. उरलेला नारळ माझ्या हातात होता. "हा काय करू?" मी विचारलं. "टाक कुठंपण," तो म्हणाला. परत येताना आम्हाला किनाऱ्यावरूनच यायचं होतं. तो माझ्या डाव्या बाजूला होता, समुद्र उजव्या. त्यानं एकदाही उजवीकडं बघितलं नाही. रस्त्यावर पहिला नळ लागला तिथं बसून पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, एकेक कण वाळू काढली.

शिवण्णानं केबिनमध्ये गोणपाट बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि घडी करून मागं टाकलं.

गल्लीत आल्यावर लोकांनी विचारलं. तांडेल म्हणाला, "मी मारला." एवढंच. त्यावरून बाकीच्यांनी आपापलं जोडलं. मी खरं सांगायला गेलो तर म्हणाले, तोच सांगतोय की. राव येऊन गेले, म्हणाले, "सुटला बिचारा." गौरम्मा म्हणाली, समुद्रात न्हाऊन मेला, पुण्य लागलं. तांडेलनं दोघांचंही ऐकून घेतलं. मी त्याला एकदा म्हणालो, "अरे, तुझी काय चूक? तो बरा व्हावा म्हणूनच तू नेलास."

तो म्हणाला, "दहा-बारा वर्षं रोज सांगत होतो मिस्त्री त्याला. सगळं सांगितलं. वारा सांगितला, खडक सांगितले. पाणी खारं असतं हे सांगायचं राहिलं." मग म्हणाला, "कुणी सांगतं का ते? ते सांगायचं असतं हे मला माहीतच नव्हतं."

लोक म्हणतात काळ हे औषध आहे. मी बऱ्याच जणांचा काळ बघितला, औषध नाही बघितलं.

टपरीवर एकदा मंजुनाथ सवयीनं बोलून गेला, "अण्णा, नीरु एल्लिदे?" तांडेलनं भरलेला ग्लास फळीवर ठेवला आणि निघून आला. त्यानंतर टपरीवर गेला नाही. कुणी वेळ विचारली तर घड्याळात बघून सांगायचा, मिनिटांसकट. मार्केटलाही येईना. संध्याकाळी पायरीवर बसायचा, पण तोंडातून शब्द नाही. ती भाषा संपली.

शैला त्याला न्यायला आली. चांगली मुलगी. बापाचं सामान भरताना एकसारखी बोलत होती, गप्प राहिलं तर रडू येईल म्हणून. गौरम्मानं डबा करून दिला होता. मी ट्रंकेला दोरी बांधत होतो. तांडेल दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणीतरी उभं करून ठेवल्यासारखा.

"काका, आता बाबांची काळजी नका करू," शैला मला म्हणाली. "आमच्या ह्यांना ऑफिसातून नवीन क्वार्टर मिळालंय. इतकं छान आहे! गॅलरीत उभं राहिलं की समोर पूर्ण समुद्र. मी ह्यांना म्हटलं, पुढची खोली बाबांची. पलंगावरून दिसेल त्यांना, भरती-ओहोटी. बाबा, बघाल तुम्ही, तिथं आठ दिवसांत टवटवीत व्हाल."

दोरीची गाठ माझ्या हातात तशीच राहिली. तांडेल तिच्याकडं बघत होता.

"मागं खोली नाही?" त्यानं विचारलं.

"आहे ना, छोटी. तिथं आम्ही सामान ठेवलंय. तिला खिडकी आहे पण समोर भिंतच आहे बाबा. उजेड नाही की वारा नाही."

"आवाज येतो तिथं?"

"कसला?"

"लाटांचा."

"नाही हो, मागं कुठला यायला. पण तुम्ही पुढं—"

"मला ती दे," तांडेल म्हणाला.

शैला हसली, थट्टा समजून. मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि माझ्याकडं. मी खाली मान घालून ट्रंकेची गाठ आवळली. ऑटो आली. तो आत बसला, ट्रंक पायांशी घेतली, आणि माझ्याकडं न बघता ऑटोवाल्याला म्हणाला, "चला."